आधी तपासणी, मग मलम : योनिमुखाची खाज, आग आणि सूज

गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी केलेल्या पाहणीचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक स्वरूपाचा किमान एक विकार होता, दर स्त्रीमागे विकारांची सरासरी ३.६ होती, आणि त्यापूर्वी ज्यांची अशी तपासणी कधीतरी झाली होती अशा स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. पहिल्या आकड्याची चर्चा पुष्कळ झाली. योनिमुखाची खाज, आग आणि सूज या तक्रारींचा विचार मात्र शेवटच्या आकड्यापासूनच सुरू करावा लागतो, कारण औषध न मिळाल्याने होणारे हाल इथे जितके आहेत तितकेच, न पाहता दिलेल्या आणि न दाखवता घेतलेल्या औषधाने होणारे हालही आहेत, आणि शहरातील सुशिक्षित स्त्रीही त्यांतून सुटलेली नाही.

योनिमुख म्हणजे स्त्रीच्या जननेंद्रियाचा बाहेरून दिसणारा भाग. केस असलेले जाड बाह्य ओष्ठ, त्यांच्या आतले बिनकेसांचे पातळ आंतर ओष्ठ, वरच्या टोकाची शिश्निका आणि मधोमध असलेली लघवीची व योनिमार्गाची छिद्रे इतका भाग त्यात येतो. तिथून आत गर्भाशयाकडे जाणारा योनिमार्ग वेगळा. हा भेद उपचारात फार महत्त्वाचा ठरतो, कारण योनिमुख ही मुख्यतः त्वचा आहे आणि इसब, सोरायसिस, गजकर्ण, ॲलर्जी असे त्वचेचे जे जे विकार अंगावर इतरत्र होतात ते सारे इथेही होऊ शकतात. मात्र ही त्वचा हाताच्या किंवा पाठीच्या त्वचेपेक्षा रसायने आणि औषधे अधिक सहज शोषून घेते, ती सतत दमट आणि घर्षणात असते, आणि तिच्याखालचा ऊतीचा थर सैल व रक्तवाहिन्यांनी भरलेला असल्यामुळे थोड्याशा दाहानेही तिथे एका रात्रीत ठळक सूज येते. दोन ओष्ठ सारख्या आकाराचे नसणे, एखादा आंतर ओष्ठ लांब असणे, किंवा पाळीच्या मध्याच्या दिवसांत पांढरट, पातळ, वास नसलेला स्राव वाढणे हे विकार नव्हेत, हेही इथेच सांगितले पाहिजे. त्यांची धास्ती घेऊन सुरू केलेल्या स्वच्छतेतूनच पुढचे अनेक त्रास जन्माला येतात.

या स्वच्छतेचा प्रश्न सविस्तर पाहण्याजोगा आहे. निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस गटातील जिवाणू राहतात, हे जर्मन वैद्य आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी १८९२ मध्ये दाखवून दिले. हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्यामुळे प्रजननक्षम वयात योनिमार्गाचा सामू, म्हणजे आम्लता मोजण्याचे माप, साधारण ३.८ ते ४.५ इतका राहतो. या आम्लतेत उपद्रवी जंतूंना सहसा डोके वर काढता येत नाही. नेहमीच्या वडीच्या साबणाचा सामू ९ ते १० च्या घरात असतो. दिवसातून दोनतीनदा साबण लावणे, आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्राव टाकणे, योनिमार्गाच्या आत पाण्याची धार किंवा औषधी द्राव सोडणे, ‘इंटिमेट वॉश’ म्हणून विकली जाणारी सुगंधी द्रव्ये वापरणे, या सर्वांनी ही व्यवस्था बिघडते आणि बाहेरच्या त्वचेवरचा संरक्षक स्निग्ध थर निघून जातो. त्वचा कोरडी पडते, आग होऊ लागते, ही आग अस्वच्छतेची खूण समजली जाते आणि धुणे आणखी वाढते. योनिमार्ग स्वतःची सफाई स्वतः करतो आणि त्याला आतून धुण्याची गरज कधीच नसते, हे वयात येणाऱ्या मुलीला पाळीच्या माहितीबरोबरच सांगितले जायला हवे. प्रत्यक्षात तिला त्याच्या उलट सांगणाऱ्या जाहिरातीच आधी भेटतात.

अशा बाह्य पदार्थांमुळे होणाऱ्या दाहाला संपर्कजन्य त्वचादाह म्हणतात आणि त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात पदार्थ स्वतःच त्वचेला इजा करतो आणि तो पुरेशा प्रमाणात लागला तर कोणालाही आग होते. साबण, कपड्यांत राहून गेलेली धुण्याची पावडर, केस काढण्याचे क्रीम, घामाने भिजलेले कृत्रिम धाग्याचे कपडे, तासन्‌तास न बदललेला पॅड आणि उतारवयात नकळत गळणारी लघवी ही त्याची नेहमीची कारणे. दुसरा प्रकार ॲलर्जीचा असून तो त्या पदार्थाबाबत संवेदनशील झालेल्या ठरावीक व्यक्तींनाच होतो, आणि त्याची खाज व पुरळ संपर्कानंतर एकदोन दिवसांनी उमटत असल्याने कारण आणि परिणाम यांची सांगड घालणे अवघड जाते. सुगंधी द्रव्ये, कंडोममधील रबर, बधिरता आणणाऱ्या मलमांतील बेन्झोकेन, निओमायसिन हे प्रतिजैविक, इतकेच काय पण खाजेसाठीच लावलेल्या मलमातील टिकाऊ द्रव्ये यांचीही अशी ॲलर्जी होऊ शकते. ओल्या टिश्यूंमध्ये वापरले जाणारे मेथिलआयसोथायाझोलिनोन हे टिकाऊ द्रव्य इतके त्रासदायक ठरले की, अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याला त्या वर्षीचा प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ म्हणून जाहीर केले आणि युरोपीय संघाने २०१७ पासून अंगावर राहणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांत त्याच्या वापरास बंदी घातली. शंकास्पद पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर ४८ तास चिकटवून नंतर त्वचेचे निरीक्षण करण्याची ‘पॅच टेस्ट’ त्वचारोगतज्ज्ञांकडे होते आणि वर्षानुवर्षांच्या खाजेचे मूळ कधीकधी तिच्यातूनच सापडते.

या दाहामागे प्रत्येक वेळी वैयक्तिक सवयच असते असेही नाही. ऊसतोडीच्या फडावर पहाटेपासून राबणाऱ्या आणि रात्री कोपीत परतणाऱ्या स्त्रीला पॅड किंवा कापड बदलायला आडोसा नसतो आणि धुवायला पाणी नसते. भातलावणीच्या दिवसांत कोकणातील बाई ओल्या लुगड्यात दिवसभर चिखलात उभी असते. दमटपणा आणि घर्षण यांनी त्यांच्या जांघा व योनिमुख सोलवटले जाते, आणि त्यावरचा खरा उपाय पाणी, आडोसा आणि कोरडे कापड हा असतो. त्याऐवजी भलतेच घडल्याची साक्ष बीड जिल्ह्याने दिली आहे. तेथील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण इतके चिंताजनक होते की, २०१९ मध्ये राज्य शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरे जाणे किंवा खालच्या भागाची खाज या तक्रारींवर गर्भाशय काढणे हा उपचार नव्हे. त्या शस्त्रक्रियेने योनिमुखाचा कोणताही त्वचाविकार बरा होत नाही आणि सोबत अंडाशयही काढले गेले तर पुढे वर्णन केलेला कोरडेपणा अकाली मागे लागतो.

संसर्गांमध्ये सर्वांत परिचित आहे तो कॅन्डिडा या बुरशीचा. दर चार स्त्रियांपैकी सुमारे तिघींना आयुष्यात एकदा तरी तो होतो. त्यात तीव्र खाज, लाली, ओष्ठांवर सूज, त्वचेला बारीक चिरा, लघवी करताना बाहेरच्या त्वचेला झोंबणे आणि घट्ट, कवडीच्या दह्यासारखा, फारसा वास नसलेला स्राव ही लक्षणे दिसतात. प्रतिजैविकांचा कोर्स, गर्भारपण आणि अनियंत्रित मधुमेह यांत ही बुरशी फोफावते. मधुमेहावरील डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनसारखी औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे ती सुरू केल्यावर खाज लागल्यास औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगावे. वर्षात तीन किंवा अधिक वेळा असा संसर्ग होणाऱ्या स्त्रीच्या रक्तातील साखर तपासलीच पाहिजे, कारण मधुमेहाचे निदान काही जणींच्या बाबतीत याच वाटेने होते. क्लोट्रिमाझोलच्या योनीत ठेवण्याच्या गोळ्या किंवा फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी यांनी साधा संसर्ग बरा होतो. गर्भवतीने मात्र फ्लुकोनाझोल स्वतःच्या मनाने घेऊ नये, तिच्यासाठी स्थानिक उपचारच योग्य.

अडचण अशी की, प्रत्येक खाज बुरशीची समजली जाते. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बुरशीचा संसर्ग झाल्याच्या समजुतीने दुकानातून स्वतः औषध घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी करण्यात आली, तेव्हा त्यांतील जेमतेम एक तृतीयांश स्त्रियांना तो खरोखर होता. खात्री करण्याची पद्धत मात्र साधी, स्वस्त आणि पाच-दहा मिनिटांची आहे. कापसाच्या बोळ्याने घेतलेला स्राव प्रथम रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीला लावून सामू पाहिला जातो. बुरशीत तो सहसा नेहमीइतकाच राहतो. मग काचपट्टीवर एका बाजूला मिठाच्या पाण्याचा आणि दुसऱ्या बाजूला १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब घेऊन दोन्हींत स्राव मिसळतात. दुसऱ्या थेंबात शरीराच्या पेशी विरघळून जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फाटे फुटलेले तंतू तेवढे उरतात. त्याच थेंबातून माशांसारखा वास आला आणि सामू ४.५ च्या वर असला, तर लॅक्टोबॅसिलस कमी होऊन इतर जिवाणू माजल्याचे, म्हणजे जिवाणूजन्य योनिविकाराचे निदान पुढे येते. मिठाच्या पाण्याच्या थेंबात शेपटीसारख्या तंतूंनी झटके देत फिरणारे एकपेशीय जीव दिसले तर तो ट्रायकोमोनास होय. या शेवटच्या दोहोंवर मेट्रोनिडाझोल लागते, बुरशीच्या मलमाचा त्यांना उपयोग नाही. आणि ट्रायकोमोनास लैंगिक संबंधातून पसरत असल्याने जोडीदाराने त्याच वेळी औषध घेतले नाही तर तो परत येतो. वेदनादायक पाणीदार फोड आणि त्यांतून होणाऱ्या जखमा हर्पिस विषाणूच्या असतात आणि त्यावरील औषध जितके लवकर सुरू होईल तितका त्रास कमी होतो.

ही तपासणी टाळून औषधाच्या दुकानातून जे उचलले जाते ते बहुधा तीन-चार औषधांचे मिश्रण असलेले मलम असते, ज्यात बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखे अतितीव्र स्टेरॉइड एकत्र असतात. स्टेरॉइड दाह दाबते, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत खाज थांबते आणि औषध लागू पडल्याची खात्री वाटते; प्रत्यक्षात त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्याने जांघेतील गजकर्ण आडवेतिडवे पसरते, त्याची ओळखीची कडा पुसली जाते आणि नंतर तज्ज्ञालाही ते ओळखणे अवघड होते. महिनोन्‌महिने लावल्यास जांघेची त्वचा पातळ होते आणि तिच्यावर कायमचे पट्टे उमटतात. भारतभरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी गेली कित्येक वर्षे या मलमांविरुद्ध आवाज उठवला असून, २०१८ मध्ये केंद्र शासनाने अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा बदल नियमांत केला; तरीही ती मागितली की मिळतात, ही वस्तुस्थिती आहे आणि ती संतापजनक आहे.

याच क्लोबेटासोलची दुसरी बाजू मात्र तितक्याच ठामपणे सांगायला हवी. लायकेन स्क्लेरोसस नावाचा एक दीर्घकालीन त्वचाविकार आहे, ज्यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्वचेवर उलटते असे मानले जाते. तो मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांत आणि क्वचित लहान मुलींत दिसतो. रात्री झोप मोडणारी खाज, योनिमुख आणि गुदद्वार यांभोवती इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकारात पांढरी, पातळ, चुरगळलेली त्वचा, खाजवल्याने उठणारे रक्ताचे ठिपके आणि हळूहळू आक्रसून नाहीसे होणारे आंतर ओष्ठ ही त्याची लक्षणे. उपचार न केल्यास त्यातील सुमारे ४ ते ५ टक्के रुग्णांत कर्करोग उद्भवतो. यावर जगभर मान्य असलेला पहिला उपचार म्हणजे ०.०५ टक्के क्लोबेटासोल : पहिला महिना रोज रात्री, दुसरा महिना एक रात्र सोडून, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा, आणि या तीन महिन्यांना मिळून ३० ग्रॅमची एक ट्यूब पुरते. ज्या स्त्रीला हे मलम हवे आहे तिला दहा वर्षे बुरशीची औषधे दिली जातात आणि जिला ते अपायकारक आहे तिच्या हाती दुकानदार ते देतो. या दोघींमधले अंतर केवळ डोळ्यांनी केलेल्या एका तपासणीचे, आणि शंका असल्यास त्वचेचा लहानसा तुकडा काढून केलेल्या बायोप्सीचे आहे.

नुसतीच सूज असेल तर तिची बाजू, वेग आणि वेदना यांवरून कारण उमगते. योनिमुखाच्या खालच्या भागात दोन्ही बाजूंना सुमारे अर्धा सेंटीमीटर आकाराच्या बार्थोलिन ग्रंथी असतात आणि त्यांचा स्राव ओलावा देतो. नळी तुंबली की एका बाजूला गाठ येते, आणि तीत पू झाला तर बसणे-चालणे अशक्य होईल इतकी ठणकते. साधारण ५० पैकी एका स्त्रीला हा त्रास कधीतरी होतो. न दुखणारी लहान गाठ तशीच सोडता येते. पू झालेल्या गाठीचा निचरा डॉक्टरांनी करावा लागतो आणि ती पुन्हा भरू नये म्हणून आत लहान नळी काही आठवडे ठेवतात किंवा गाठीच्या कडा शिवून तोंड उघडे ठेवतात. ती घरी सुईने फोडणे धोक्याचे असते, आणि चाळिशीनंतर नव्याने आलेली अशी गाठ तपासणीसाठी पाठवायलाच हवी. दोन्ही बाजूंना अचानक आलेली सूज ॲलर्जीची असू शकते. गर्भारपणात योनिमुखावर शिरा फुगतात आणि त्या बहुतेकदा प्रसूतीनंतर ओसरतात, परंतु सुजेबरोबर डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चेहऱ्यावर सूज असेल तर रक्तदाब त्याच दिवशी मोजला पाहिजे. विदर्भातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत, तसेच गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर किरणोपचार झालेल्या स्त्रियांत, लसिकावाहिन्या बंद पडूनही इथे टिकून राहणारी सूज येते, मात्र हे विरळा.

लहान मुलींमध्ये इस्ट्रोजेन या संप्रेरकाअभावी त्वचा मुळातच पातळ असते आणि साबणाचा फेस किंवा ओली चड्डी एवढेही आग व्हायला पुरते. रात्रीच खाज सुटत असेल तर सुतासारख्या जंतांचा विचार करून घरातील सर्वांना एकाच वेळी औषध द्यावे लागते. जखम, रक्त किंवा लैंगिक संसर्ग आढळल्यास अत्याचाराची शक्यता डोळ्यांआड करता येत नाही, आणि २०१२ च्या पोक्सो कायद्याने तिची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. पाळी गेल्यानंतर तेच संप्रेरक पुन्हा कमी झाल्याने योनिमुख कोरडे, आगीचे आणि सहज सोलवटणारे होते. योनीत लावायच्या अल्प मात्रेच्या इस्ट्रोजेन क्रीमने त्यावर चांगला उतार पडतो, तरी वयाचे दुखणे म्हणून हजारो स्त्रिया ते मुकाट सोसतात.

घरच्या काळजीत लावण्यापेक्षा थांबवण्याला अधिक महत्त्व आहे. दोन आठवडे सर्व साबण, द्राव, पावडरी, सुगंधी पॅड आणि स्वतःच्या मनाने घेतलेली मलमे बंद करून केवळ साध्या पाण्याने बाहेरचा भाग दिवसातून एकदा धुणे, घासून न पुसता टिपून कोरडा करणे, आणि बिनवासाच्या व्हॅसलिनचा किंवा शुद्ध खोबरेल तेलाचा पातळ थर देणे एवढ्यानेच संपर्कजन्य दाह पुष्कळदा शमतो. कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे कटिस्नान घेतल्याने ठणका कमी होतो. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरल्याने खाज व सूज दोन्ही उतरतात. तुरटीचे पाणी, लिंबू, लसूण, हळदीचा लेप, योनीत ठेवलेले दही यांपैकी काहीही सोललेल्या त्वचेवर लावू नये. सुती, सैल, दिवसातून एकदा तरी बदललेली चड्डी, रात्री शक्य असल्यास तीही न घालणे, दर चार ते सहा तासांनी बदललेला पॅड, आणि कापड वापरत असल्यास ते लपवून न वाळवता उन्हात वाळवणे ही पथ्ये साधी आहेत. नखे कापून ठेवावीत, कारण खाजवल्याने त्वचा जाड होते आणि जाड झालेली त्वचा मूळ कारण संपल्यावरही खाजत राहते.

ताप, झपाट्याने पसरणारी लाली किंवा काळी पडणारी त्वचा, विशेषतः मधुमेही स्त्रीमध्ये, लघवी अडणे, पडल्यानंतर वाढत जाणारी गाठ, आणि सुजेबरोबर ओठ सुजणे वा श्वास लागणे यांत एक तासही दवडू नये. न भरणारी जखम, पांढरा किंवा काळा डाग, टणक गाठ, दोन आठवड्यांत न थांबलेली किंवा औषधानंतर परत आलेली खाज यांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञ यांना दाखवावे. योनिमुखाच्या कर्करोगाचे सर्वांत सामान्य लक्षण दीर्घकाळची खाज हेच आहे. जिल्हा रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये प्रजननमार्गाच्या संसर्गांवर तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. तेथील औषधसंच लक्षणांवरून दिले जातात आणि ते संसर्गासाठी आहेत, त्यामुळे त्यांनी उतार पडला नाही तर तोच संच पुन्हा घेण्याऐवजी त्वचारोग विभागात पाठवण्याची विनंती करावी. तपासणीच्या वेळी महिला परिचारिका सोबत असावी असे सांगण्याचा हक्क प्रत्येक स्त्रीला आहे. आजवर वापरलेल्या सर्व ट्यूब आणि द्रावांच्या बाटल्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात, आणि डॉक्टर न पाहताच चिठ्ठी लिहू लागले तर आधी तपासा, असे त्यांना स्पष्टपणे सांगावे.